घाट चढण्याआधी ईसीजी

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली आणि राज्यातल्या हौशी धावपटूंची ती जणू वारीच होऊन बसली. अंतर २१ किलोमीटरच. पण निम्मी वाट यवतेश्वर घाटाच्या चढाची आणि मग तोच घाट उतरायचा. परभणीसारख्या सपाट मुलखातून जाणाऱ्याला हा घाट जरा जास्तच जाणवतो. कृषी विद्यापीठाच्या परिसरात पहाटे दहा किलोमीटर सहज पळणाऱ्याचीही तिथे दमछाक होते.

पळू नये असे कोणी म्हणत नाही. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आलेल्या ज्योती गवते परभणीच्याच. पण त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता. प्रश्न आहे तो चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या, वडिलांना मधुमेह असलेल्या आणि स्वतःचा रक्तदाब कधीच न मोजलेल्या माणसाचा. मित्रांच्या ग्रुपवर चर्चा होते, तो नाव नोंदवतो, तीन महिन्यांत कसाबसा तयार होतो. शर्यत पुरी झाली की पदकासह फोटो टाकतो आणि म्हणतो, ‘आता हृदय तपासायची गरजच काय?’

हा तर्क साफ चुकीचा आहे. शर्यत म्हणजे तपासणी नव्हे. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचलेला असतानाही माणूस २१ किलोमीटर पळू शकतो. तो थर कधी फुटेल हे मात्र पदक सांगत नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा ५९ जणांचे हृदय शर्यतीच्या वेळी बंद पडल्याचे आढळले. प्रमाण अगदी नगण्य आणि अर्ध मॅरेथॉनमध्ये तर पूर्ण मॅरेथॉनपेक्षाही कमी. पण हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. इंटरहार्ट या जागतिक अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी आल्याचे दिसले.

यात डॉक्टरांचीही चूक आहे, हे मान्य करायला हवे. ओपीडीच्या गर्दीत कोणी फॉर्म पुढे सरकवला की ‘शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त’ असे लिहून सही होते. रक्तदाबाचा पट्टा दंडाला लागतही नाही. तो कागद आयोजकांच्या फाइलसाठी असतो, धावपटूच्या हृदयासाठी नाही. निदान रक्तदाब, साखर आणि ईसीजी झाल्याशिवाय ही सही देऊ नये. सरकारी रुग्णालयात या तिन्ही तपासण्या होतात. बसल्या जागी काढलेला ईसीजी चांगला आला तरी जिना चढताना छाती भरून येणे, कधी भोवळ येणे किंवा घरात कोणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर ट्रेडमिल चाचणी करावी.

चढाचा सराव जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या डोंगराकडे जाऊन करता येतो. उतरण्याचाही सराव हवा, कारण मांडीचे स्नायू खरे दुखावतात ते उतारावर. शर्यतीच्या सकाळी ‘पाय दुखू नयेत’ म्हणून वेदनाशामक गोळी घेण्याची सवय तर फार वाईट. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ती थेट मूत्रपिंडाला इजा करू शकते. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. प्रत्येक टेबलापाशी पेलाभर ढोसणाऱ्यांच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांमध्ये ते कमी आढळले होते.

आणि घाटात छातीवर दडपण आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर तिथेच थांबून रुग्णवाहिकेला हात करावा. अशा वेळी शेवटचे दोन किलोमीटर रेटणारेच अधिक दिसतात. म्हणून ही तपासणी नाव नोंदवण्याआधी व्हावी. छातीवर नंबर लागल्यावर कोणी डॉक्टरकडे वळत नाही.