बिअरचा गारवा आणि नळाचे शेवटचे दोन फूट

बिअर थंड ठेवण्याचा इतिहास बहुधा एका यंत्रापाशी आणून संपवला जातो. म्युनिकमधील प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात शीतयंत्र घडवले, श्पाटेन ब्रुअरीच्या गाब्रिएल झेडलमायर यांनी त्यांना पाठबळ दिले आणि प्रश्न मिटला, अशी ती कथा. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. लिंडे यांनी थंडी निर्माण करण्याचा प्रश्न सोडवला. ती पेल्यापर्यंत टिकवण्याचा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर यंत्राच्या कितीतरी आधी बव्हेरियातील तळघरांनी दिले होते.

बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळण्यास मनाई केली. तेथील यीस्ट थंडीत सावकाश काम करणारे. उन्हाळ्यात ते बिघडे. त्यामुळे वसंताच्या तोंडावरच उन्हाळ्याची बेगमी करावी लागे. म्युनिकच्या ब्रुअरींनी इझार नदीच्या उंच काठावर खोल तळघरे खोदली, हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून त्यांत भरला, वर खडी पसरली आणि चेस्टनटची झाडे लावली. पाने रुंद, सावली दाट, आणि मुळे उथळ असल्याने तळघराच्या छताला धोका नाही. उन्हाळी गाळपावरची ही बंदी १८५० साली उठली, तेव्हा लिंडे शाळकरी वयाचे होते. म्हणजे यंत्राने बंदी उठवली, हा समजही टिकत नाही.

खरी चतुराई पुढे आहे. तळघरातली बिअर भर उन्हातून शहरात नेण्यापेक्षा लोकांनाच तळघरापाशी बोलावणे सोपे होते. झाडांखाली बाके मांडली गेली आणि पेला थेट खालून वर येऊ लागला. शहरातील खानावळवाल्यांनी तक्रार केली. तेव्हा राजा पहिला माक्सिमिलियन याने ४ जानेवारी १८१२ रोजी तोडगा काढला: ब्रुअरींनी उन्हाळ्यात आपल्या तळघरांपाशी बिअर आणि पाव विकावा, इतर खाद्यपदार्थ नाहीत. तेथील बिअर-उद्यानांत आजही घरचा डबा नेता येतो, तो या तोडग्यामुळे. हा निर्णय व्यापाऱ्यांच्या भांडणातला म्हणून सांगितला जातो. वस्तुतः थंडी आणि पेला यांच्यातले अंतर जवळजवळ शून्यावर आणणारी ही व्यवस्था होती.

इंग्लंडने उलट वाट धरली. जोसेफ ब्रामा यांनी १७९७ साली तळघरातून बिअर वर खेचणाऱ्या हातपंपाचे पेटंट घेतले. अंतर वाढले, पण इंग्रजी एल सुमारे १२ अंशांवर आणि कमी वायू असलेली पिण्याची रीत असल्याने नळीतली ऊब कोणाला फारशी खटकली नाही.

आज घरी केग बसवणाऱ्याला मात्र ती पहिल्याच पेल्यात खटकते. फ्रिजमध्ये केग ३ अंशांवर असते. नळ मात्र फ्रिजच्या डोक्यावर, धातूच्या पोकळ खांबात. थंड हवा जड असल्याने ती खालीच बसते आणि खांबातली नळी खोलीइतकी तापते. उबदार द्रवात कार्बन डायऑक्साइड कमी विरघळतो, म्हणून तो नळीतच सुटू लागतो आणि अर्धा पेला फेसाने भरतो. मालक बिचारा वायूचा दाब कमी करतो. काही दिवसांत केगमधली बिअरही निर्जीव होते आणि फेस तरी कुठे थांबतो! दोष दाबाचा नसून शेवटच्या दोन फुटांचा असतो. फ्रिजमधील थंड हवा खांबात ढकलणारा लहानसा पंखा बसवला किंवा नळीभोवती खाली थंड हवेपर्यंत पोहोचणारे तांब्याचे वेष्टण दिले, की पहिला पेलाही बराच सुधारतो.

त्याहून सरळ उपाय म्हणजे जुन्या फ्रिजच्या दारालाच भोक पाडून नळ आरपार बसवणे. नळी पूर्णपणे आत, थंडीतच राहते. बाहेर फक्त तोटी. विक्रेते हा उपाय क्वचितच पुढे करतात, कारण चकचकीत खांबाला किंमत चांगली येते. दिसायला तो ओबडधोबड आहे, पण इझारकाठच्या तळघराशी त्याचेच नाते अधिक जवळचे. भोक दारालाच पाडावे. फ्रिजच्या बाजूच्या भिंतींत शीतद्रवाच्या नळ्या असू शकतात.