आधी सन्मानाने जगण्याचा हक्क

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला. त्यानंतर सुमारे ४२ वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना दयामरण द्यावे, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. केईएमच्या परिचारिकांनी २०१५ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, त्यांची सेवा केली.

२०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरणे हा संविधानाच्या कलम २१ मधील हक्क मानला. बरा न होणाऱ्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवायचे, तर डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. हे योग्यच आहे. पण जळगाव-धुळ्याच्या खेड्यातील शेतमजुराचे उपचार पैसे संपले म्हणून थांबतात, तेव्हा कोणते मंडळ बसते? लकवा झालेल्या बापाला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचे, तर गाडीभाडे लागते आणि सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते. असा बाप ‘आता सुटका व्हावी’ म्हणाला, तर ती त्याची इच्छा मानायची की लाचारी?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात उत्पन्नाच्या अटीवर घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवेची तरतूद आहे. ती मागितल्याशिवाय मिळणार नाही. दुर्लक्षित आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः आंघोळ घातली होती. आपल्या वस्तीतील अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळवून द्या. त्याच्या उपचारासाठी ग्रामसभेत बोला. मरणाच्या हक्काची चर्चा जरूर करू, पण उपचार नाकारले गेलेल्या माणसाचे मरण ‘स्वेच्छेचे’ म्हणता येणार नाही.