घड्याळ वाट दाखवते, खबर देत नाही

पावसाळा ओसरला की पुण्यातल्या घराघरांत नवा हट्ट सुरू होतो. कॉलेजचा ग्रुप निघालेला असतो. कधी सिंहगड, कधी राजगड-तोरणा, आणि पौर्णिमा जवळ आली की कात्रज ते सिंहगड रात्रीची पायपीट. पूर्वी अशा वेळी अब्बूंची इजाजत मिळवायला मामू, चाचा, शेजारी अशा सगळ्यांची शिफारस लागायची. आता मनगट पुढे केले की काम होते. ‘अम्मी, घड्याळात जीपीएस आहे, वाट चुकायचा प्रश्नच नाही.’ अम्मी मान हलवते, कारण तिने त्याचा निराळाच अर्थ घेतलेला असतो. मुलगा म्हणत असतो, मला वाट दिसेल. आईला ऐकू येते, मला मुलगा दिसेल.

मी भूगोल शिकवते, आणि पालकसभेत हा घोटाळा मला दरवर्षी भेटतो. म्हणून या महिन्यात त्याविषयीच लिहिते.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत दोनच गोष्टी सांगत राहतात: आत्ता माझ्या घड्याळात किती वाजले आणि मी कुठे आहे. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी आपल्यापर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो. त्या विलंबावरून मनगटावरचे घड्याळ अंतर मोजते, आणि चार उपग्रहांचे ऐकू आले की आपली जागा काढते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा ३०० मीटरने सरकते, म्हणून उपग्रहात अणुघड्याळ बसवलेले असते. २ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठी हा संदेश मुद्दाम थोडा बिघडवून पाठवत असे. त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा, आणि डोंगराच्या अरुंद धारेवर अशा यंत्राचा काहीच उपयोग नव्हता. आज मोकळ्या आकाशाखाली फरक काही मीटरांचाच राहतो. आपल्या देशाची नाविक ही यंत्रणाही आहे. तिचा एनव्हीएस-०१ हा उपग्रह २९ मे २०२३ रोजी श्रीहरिकोटाहून गेला. मनगटावरच्या छोट्या उपकरणांना सोयीची लहर त्याच्यात प्रथमच दिली आहे, आणि भारतात बनलेले अणुघड्याळही.

यातली घरच्यांनी ध्यानात ठेवायची गोष्ट एवढीच की घड्याळ फक्त ऐकते. उपग्रहाला आपण दिसत नाही, आपले नावगावही त्याला ठाऊक नाही. म्हणूनच मोबाइलची रेंज गेली तरी घड्याळावर वाट दिसत राहते. आणि म्हणूनच रेंज गेली की घरी काहीही कळत नाही, कारण ‘मी इथे आहे’ हा निरोप उपग्रहामार्फत जात नाही, तो मोबाइलच्या टॉवरवरूनच जातो. घरच्या फोनवर मुलाचा ठिपका तासभर एकाच जागी थांबलेला दिसला, तर तो पडला असेल असे नाही. बहुतेक वेळा तो दरीत उतरलेला असतो. तसेच ठिपका हलत असला म्हणजे सगळे ठीक आहे असेही नाही.

उपग्रहावरून थेट बोलणारे फोनही असतात, पण आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणे गुन्हा आहे. दुबईच्या मामूंनी प्रेमाने भेट आणली तरी. दुसरे म्हणजे, बाजारातल्या कित्येक स्वस्त घड्याळांत स्वतःचे जीपीएस नसतेच, ती खिशातल्या फोनचे उसने घेतात. फोन बंद पडला की घड्याळाकडे फक्त वेळ उरते. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे फोन घरी ठेवून मोहल्ल्याला एक चक्कर मारा. घड्याळाने वाट नोंदवली तर जीपीएस त्याचे स्वतःचे आहे.

आता कात्रज-सिंहगडची वाट घेऊ. कोंढव्यातल्या आपल्या मुलांना ती घराजवळची वाटते. कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळून वर चढायचे आणि एकामागून एक टेकड्या पार करत पश्चिमेकडे जायचे. चाल साधारण १५ किलोमीटरची. नीट पाहिले तर ही वाट घड्याळाशिवायही बोलते. उजव्या हाताला पुण्याचे दिवे, डाव्या हाताला खेड-शिवापूर, म्हणजे कमरअली दरवेशांच्या दर्ग्याकडची बाजू, आणि समोर सिंहगडावरच्या टॉवरचा लाल दिवा. पुण्याचे दिवे पाठीशी आले किंवा डावीकडे गेले, तर कुठेतरी गफलत झाली आहे.

गफलत होते ती टेकडीच्या माथ्यावर. तिथून मुख्य धार पुढे जाते आणि एखादी सोंड बाजूला उतरते. अंधारात, वाढलेल्या गवतात, ढोरवाट आणि माणसांची वाट सारखीच दिसते. उतार पायाला सुखाचा वाटतो म्हणून सगळी रांग सोंडेवरून खाली जाते. घड्याळ खरे उपयोगी पडते ते इथे. घरीच वाट भरून घेतली असेल, तर पन्नास पावलांतच आपला ठिपका रेषेपासून सुटलेला दिसतो. पण त्यासाठी घड्याळ पाहायला हवे, आणि योग्य जागी पाहायला हवे. मी मुलींना सांगते, सपाटीवर दर मिनिटाला मनगट बघू नका; माथा आला, फाटा आला, उतार सुरू झाला की बघा. धुके आले तर टॉवरचा दिवाही जातो, तेव्हा दर फाट्यावर थांबून बघा.

सह्याद्रीत एक जास्तीची अडचण आहे. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. त्यामुळे एक सपाट पदर, मग सरळ कडा, पुन्हा पदर, असा तो जिन्यासारखा रचलेला असतो. घड्याळाच्या रुपयाएवढ्या पडद्यावर दोन जागा शेजारी दिसतात, आणि प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये दीडशे मीटरचा कडा असू शकतो. नववी-दहावीत समोच्च रेषा शिकवताना मुले विचारतात, टीचर, याचा उपयोग काय? उपयोग हाच. रेषा दाटीने आल्या की तिथून उतरायचे नाही.

गेल्या हिवाळ्यात काही मुलींना वेताळ टेकडीवर नेले होते. पुष्कळ घड्याळांत ‘सुरुवातीकडे परत’ अशी सोय असते आणि ती दोन तऱ्हेची असते. एकीत आपण आलो तीच वाट उलटी दाखवली जाते, दुसरीत नुसता सरळ बाण. दगडाच्या जुन्या खाणीच्या एका बाजूला उभे राहून आम्ही बाणवाली सोय लावली. बाण सरळ खाणीच्या पाण्यावरून पलीकडे! मुली खूप हसल्या. त्यातली एक मात्र हसली नाही. म्हणाली, ‘टीचर, रात्र असती तर?’ पुस्तकातल्या धड्याने एवढे काम झाले नसते.

दिशेची खात्री करायला आपल्याकडे घरचाच एक उपाय आहे. पुण्यातून किब्ला बरोबर पश्चिमेला नाही, तर पश्चिमेपासून सुमारे ११ अंश उत्तरेकडे, म्हणजे होकायंत्रावर साधारण २८१ अंश. तुमच्या मशिदीची दिशा नीट मोजून घेतलेली असेल, तर निघण्यापूर्वी तिथे उभे राहून घड्याळातले होकायंत्र तपासा. आकडा फारच वेगळा आला तर ते पुन्हा जुळवून घ्या. घड्याळाचा पट्टा चुंबकाने बंद होणारा असेल तर आधी तोच बदला. आणि वर डोंगरात काळ्या खडकाला टेकून दिशा पाहू नका. हा खडक स्वतःच थोडा चुंबकी असतो.

बाकी गोष्टी थोडक्यात. दुसऱ्याने नोंदवलेली वाट डोळे मिटून घेऊ नका, तो उन्हाळ्यात गेला असेल आणि तुम्ही निघालात भर पावसात. तो स्वतः चुकून परत फिरला असेल तर त्याची चूकही त्या रेषेत असते. निघताना मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर थांबा, घड्याळाला उपग्रह सापडू द्या, मग चाला. सतत जीपीएस चालू असले की दोन दिवस टिकणारे चार्जिंग काही तासांतच उतरते. रात्रीच्या वाटेला ते पुरेल का, ते आधी घरी पाहा.

मध्यंतरी एक आई भेटायला आली. मुलगी अकरावीत, कॉलेजबरोबर राजगडला जायचे म्हणते. ‘टीचर, घड्याळ घेऊन दिले तर पाठवू ना?’ मी म्हटले, घड्याळ घ्या अथवा न घ्या, पण परवानगी त्याच्या भरवशावर देऊ नका, आणि ते नाही म्हणून अडवूही नका. बरोबर कोण बाई आहेत, त्या आधी तिथे गेल्या आहेत का, किती मुली आहेत, हे विचारा. घड्याळ घेतलेच तर वाट तिला स्वतःला भरायला लावा. आपल्याकडे नक्शा भाऊ पाहतो आणि बहीण मागून चालते, हे मला पटत नाही. ग्रुप पांगला तर तिच्या हातातले यंत्र तिलाच वाचता आले पाहिजे.

मग आम्ही दोघींनी एक कागद तयार केला, फ्रीजवर लावायला. कुठल्या गावातून चढणार, कुठे उतरणार. बरोबरच्या दोघींचे आणि त्यांच्या घरचे फोन नंबर. अंगावरच्या कपड्यांचा रंग. खाली उतरायची वेळ मगरिबच्या आधीची धरली. रेंजमध्ये आल्यावर पहिला फोन घरी. ठरल्या वेळेनंतर दोन तास वाट पाहायची, मग आधी बरोबरच्या बाईंना, आणि त्याही लागल्या नाहीत तर ११२ ला फोन करून हाच कागद वाचून दाखवायचा. शेवटी आईने पेन घेतले आणि कागदाच्या खाली मुलीच्या दम्याच्या औषधाचे नाव लिहिले. ते माझ्या ध्यानात आले नव्हते.