जिंकलेल्या तोफेची कैफियत

आमच्या आखाडा बाळापुरापासून समुद्र शेकडो मैल दूर असल्यामुळे युद्धनौकेवरील तोफ आमच्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिलेली आहे. तथापि सिडनी शहराच्या हाइड पार्क या सार्वजनिक उद्यानात १९१७ पासून जी जर्मन तोफ मांडलेली आहे, तिचा हिंदुस्थानाशी संबंध अगदीच परका नाही. ज्या ‘एमडेन’ नौकेवरून ती काढून आणली, त्याच नौकेने २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर गोळे डागून तेथील तेलाच्या टाक्या पेटविल्या होत्या. पुढे ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ नौकेने तिला गाठून निकामी केले, आणि त्या संग्रामात शंभराहून अधिक जर्मन खलाशी मृत्युमुखी पडले. मात्र तिचा कप्तान कार्ल फॉन म्यूलर कैद झाला तेव्हा त्याच्या शौर्याची बूज राखून त्याची तलवार त्याच्याजवळच राहू देण्यात आली. शत्रूचा हा सन्मान मला त्या तोफेइतकाच मोलाचा वाटतो.

आपल्याकडची गोष्ट पाहा. अहमदनगरास १५४९ मध्ये महंमद बिन हसन रूमी याने ओतलेली, सुमारे पंचावन्न टनांची ‘मुलुख-मैदान’ तोफ प्रथम आमच्या मराठवाड्यातील परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ती विजापुरास नेली, आणि इंग्रजी अंमलात, १८५४ साली, तिचा लिलाव पुकारला गेला तेव्हा बोली अवघ्या दीडशे रुपयांची लागली. विक्री अखेर रद्द झाली म्हणून तोफ वाचली. परंतु जिची कैफियत लोकांस ठाऊक नाही, ती वस्तू धातूच्या भावाने तोलली जाते, हा त्या लिलावाचा धडा आहे.

म्हणून माझे आग्रहाचे निवेदन असे, की औसा-परंड्यासारख्या किल्ल्यांत वा एखाद्या गावच्या बागेत जेथे जेथे तोफ असेल, तेथे तेथे शुद्ध मराठीत कोरलेली शिला बसवावी, आणि तीवर ओतणाऱ्या कारागिराचे नाव, साल, जिंकणाऱ्याचे व गमावणाऱ्याचे नाव, तसेच उभय पक्षी पडलेल्यांचा उल्लेख, जितका दप्तरी दाखल्यांनी सिद्ध होईल तितका, अवश्य असावा. केवळ विजेत्याचा जयघोष कोरलेली शिला मुलांना अर्धाच इतिहास शिकविते. तोफेवर घोडा घोडा खेळणाऱ्या मुलाने खाली उतरताना ती अक्षरे वाचावीत, आणि तिच्या तोंडापुढे उभी राहिलेली माणसेही कोणाची तरी मुले होती, हे त्याला तेथेच कळावे.