कट्ट्यावर या

दादरच्या शिवाजी पार्कच्या कठड्याला कोणी भिंत म्हणत नाही, तो कट्टा. पेन्शनर, नाटकवाले, कॉलेजची पोरं, सगळ्यांची बैठक त्यावरच. १९२५ साली ‘माहीम पार्क’ म्हणून खुलं झालेलं हे मैदान दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवछत्रपतींच्या नावाचं झालं.

सकाळी इथे एकाच वेळी इतके सामने रंगतात की एकाचा फाइन लेग दुसऱ्याच्या कव्हरला धडकतो. इथेच आचरेकर सर स्टंपवर नाणं ठेवत. सचिन नाबाद राहिला तर ते त्याचं. समर्थ व्यायाम मंदिरात मुली मल्लखांबावर सरसर चढतात, नवरात्रात बंगाल क्लबच्या दुर्गापूजेला मूर्ती पाहायला सगळी मुंबई लोटते.

सभांचा इतिहास मोठा, मान्य. पण मैदानाची खरी मालकी रोज येणाऱ्यांची, असं आम्हाला वाटतं. उन्हाळ्यात लाल माती घराघरांत शिरते, ही रहिवाशांची तक्रारही रास्तच. तिच्यावर पाणी मारण्यापलीकडचा उपाय हवा, आणि तो मैदान डांबरी न करता.

या अंकात पार्काची माणसं भेटतील. तुमच्या कट्ट्याच्या आठवणी आम्हाला जरूर लिहून पाठवा.