आधी आरोपी, आता बिनपगारी कारकून

स्वमग्न मूल बोलत नाही, याचा दोष कुणाचा? आईचा! हे उत्तर केवळ सासरच्यांचे नाही. एकेकाळी ते विज्ञानानेही दिले. स्वमग्नतेचे वर्णन करणाऱ्या लिओ कॅनरने १९४९ साली आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवले. ब्रुनो बेटलहाइमने १९६७ सालच्या पुस्तकात आईलाच पिंजऱ्यात उभे केले. कॅनरने १९६९ साली पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ साली फोल्स्टीन आणि रटर यांच्या जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला. घरात मात्र खटला चालूच आहे : नोकरी करते, टीव्हीसमोर बसवते, लक्ष देत नाही.

आजचे संशोधक आईला आरोपी म्हणत नाहीत. ते तिच्या हाती प्रश्नावली देतात. मूल किती वेळा डोके आपटते, चावते, किंचाळते? खुणा करा. झोपेची, जेवणाची नोंद ठेवा. जे मूल स्वतः सांगू शकत नाही, त्याच्यावरचे संशोधन बहुतांशी या बिनपगारी कामावर उभे असते. पण हे किंचाळणे भुकेचे, ते कुकरच्या शिट्टीचे, हे दाढदुखीचे, ही आईची जाण? तिला बहुतेक वेळा रकानाच नसतो.

आणि खरी गोष्ट त्याच रकान्यात आहे. मदत मागण्याचा दुसरा मार्ग शिकवला की त्रासदायक वर्तन कमी होते, हे कार आणि डुरंड यांनी १९८५ सालीच दाखवले. म्हणजे ज्याला आपण 'खोड' म्हणतो, ते अनेकदा मुलाचे म्हणणे असते. म्हणणे न ऐकता नुसते मोजणे, हे कसले शास्त्र?

बुद्धी मोजण्यातही हेच. कॅनडातल्या २०१५ सालच्या एका अभ्यासात जेमतेम बोलणारी ३० स्वमग्न मुले होती. तोंडी सूचनांवर चालणारी वेक्स्लर चाचणी त्यांतल्या एकालाही पूर्ण करता आली नाही. मग त्यांना रेव्हनची कोडी दिली : तुकडा उचलायचा, रिकाम्या जागी बसवायचा. २६ जणांनी ती पूर्ण केली. १७ जणांचे गुण इतर मुलांच्या नेहमीच्या पट्ट्यात आले. नापास मुले झाली होती की चाचणी?

शाळेच्या वयात आलेल्या स्वमग्न मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुले जेमतेम बोलतात, असा अंदाज आहे. तरीही संशोधनात सर्वांत मागे तीच. कारण 'ती सहकार्य करीत नाहीत'! हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे, मैत्रिणींनो. ऐकून न घेणारे समोरच्यालाच मुके ठरवतात.

म्हणून संशोधकांना आपण बजावून सांगू या : आईचा वेळ फुकट नाही, त्याचा मोबदला द्या. प्रश्न ठरवतानाच तिला सोबत घ्या. बापालाही प्रश्नावली भरायला बसवा. चित्रे, खुणा, यंत्र, जे जमेल त्यातून मुलालाच विचारा. आणि निष्कर्ष तिच्या भाषेत तिच्या घरी पोचवा.