धाब्याच्या घरांची ओळ

इंग्लंडातील बायबरी या खेड्यात अर्लिंग्टन रो नावाची दगडी घरांची एक ओळ आहे. मुळात ते चौदाव्या शतकातील लोकरीचे कोठार. सतराव्या शतकात त्यातून विणकरांची घरे निघाली. तेथे कोणी राजा जन्मला नाही. तरीही ती ओळ कायद्याने संरक्षित आहे, आणि ब्रिटिश पासपोर्टाच्या आतील पानावरही तिचे चित्र छापले गेले. ते पाहताना आम्हांला आमच्या बुलडाणा जिल्ह्यातील धाब्याची घरे आठवतात आणि थोडी लाजही वाटते.

धाब्याचे घर म्हणजे सपाट, मातीच्या छताचे घर. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. काळी माती येथे चालत नाही, कारण ती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. पांढरी मिळते ती जुन्या वस्तीच्या जागी. शेत ती काळी आणि गाव ती पांढरी, हा भेद आपल्या भाषेने मातीवरूनच केला आहे. घराचा आकार खणांत मोजायचा. भिंती सामाईक, छतेही एकमेकांना लागून. उन्हाळ्यात या टोकाच्या घरातून त्या टोकाला धाब्यांवरूनच जाता येई. कुरडया तेथेच वाळत, रात्री अंथरुणेही तेथेच पडत.

म्हणूनच अशी ओळ ही एकच वास्तू असते. २०१६पासूनच्या घरकुल योजनेला मात्र दिसते ते एकेक कुटुंब. भिंत मातीची, छत मातीचे, म्हणून घर ‘कच्चे’. एकाला अनुदान मिळते, तो घर पाडून स्लॅब टाकतो, आणि शेजाऱ्याची आजवर झाकलेली भिंत पावसात उघडी पडते. मग तीही खचते.

स्लॅब टाकणाऱ्याला आमचा दोष नाही. गळक्या छताखाली आषाढ काढलेल्या माणसाला आम्ही, स्वतः स्लॅबखाली बसून, वारसा शिकवणे शोभत नाही. शिवाय सारवण्या-लिंपण्याचे कष्ट बायकांच्याच वाट्याला येत. आमचे भांडण आहे ते ‘कच्चे’ या शब्दाशी. याच योजनेच्या व्याख्येने पक्के घर म्हणजे योग्य निगा राखल्यास किमान ३० वर्षे टिकणारे. तीन पिढ्या नांदलेले धाबे मग कोणत्या रकान्यात बसवायचे?

सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा वाडा जपला जातो, जपलाच पाहिजे. पण वाड्यावर राबणाऱ्यांच्या घरांची साधी मोजमापे तरी कोणी घेऊन ठेवावीत की नाही?

गेल्या वर्षी वर्गात ‘किलचण’ समजावताना आम्ही फळ्यावर चित्र काढले. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने उठून ते दुरुस्त केले. तिच्या घरी ते अजून आहे. तिच्या आळीतील घरांचे नकाशे, मापे आणि घराघरांतले शब्द नोंदवण्याचे काम यंदा आम्ही तिच्याच गटाला प्रकल्प म्हणून दिले आहे. ते पावसाळ्यापूर्वी उरकायला हवे, कारण त्या ओळीतले चौथे घर लवकरच पाडले जाणार आहे.